बोट कधी सुटणार?

शहरातल्या बोटीच्या कचेरीत लुसेआने बावीस वर्षं एकच काम करत आली: बोट कधी सुटणार ते बेटांना कळवायचं. तिची ईमेल म्हणजे पाच ओळींचा साधा मजकूर, ना चित्र ना रंग. नोमुका बेटावरचा दुकानदार पाउला ती उघडायचा आणि आसपासच्या बेटांना रेडिओवर शब्दन् शब्द वाचून दाखवायचा. मांगो बेटावर लुसेआनेची थोरली बहीण व्हाइओला त्याच आवाजावर विसंबून असायची. मोतीबिंदूमुळे तिला फारसं दिसत नव्हतं.

मे महिन्यात ऑकलंडहून शिकून आलेला सोसाइआ कचेरीचा साहेब झाला.

"मावशी, या पाच ओळी कोण बघतं आता? मेल एचटीएमएलमध्ये, म्हणजे चित्रांसकट पाठवा. वर बोटीचा फोटो, खाली वेळापत्रकाचं रंगीत चित्र."

"छान दिसेल," लुसेआने म्हणाली. पाउला हे वाचणार कसं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण सोसाइआ सरदारांच्या घरातला, आणि त्या घरासमोर मान खाली घालायची सवय तिच्या हाडीमाशी मुरलेली. ती गप्प बसली आणि तिथंच चुकली.

त्याच आठवड्यात वादळाचा अंदाज आला. शनिवारी बेटांवरून शहराकडे निघालेली बोट रखडली तर रविवार उजाडणार, आणि रविवार देवाचा, त्या दिवशी इथं बोट हलत नाही. म्हणून ती शुक्रवारीच सोडायचं ठरलं, आणि ही नवी वेळ त्या रंगीत चित्रातच गेली. शहरात परदेशातून आलेले डोळ्यांचे डॉक्टर सोमवारी परतणार होते; त्याआधी व्हाइओलाचं ऑपरेशन व्हायचं होतं.

नोमुकाच्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवर चित्रं उतरलीच नाहीत. पाउलाने आलं तेवढं इमानेइतबारे वाचलं: "प्रिय प्रवाशांनो, प्रवास सुखाचा होवो. वेळापत्रकासाठी येथे दाबा."

"कुठं दाबू रे, पाउला?" रेडिओवर कुणीतरी विचारलं आणि बेटाबेटांवर हशा पिकला. बोट नेहमीसारखी शनिवारीच, असं सगळे धरून चालले.

शुक्रवारी शहराच्या धक्क्यावर लुसेआने शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभी राहिली. व्हाइओला आलीच नाही. रेडिओवर ती एवढंच म्हणाली, "अगं, मी उद्यासाठी गाठोडं बांधून बसलेय."

लुसेआनेला रडू आवरेना.

सोमवारी ती साहेबांसमोर उभी राहिली. "डोळे मिटा. नोमुकाला पोचलं तेवढंच वाचते." तिनं वाचलं. "आता सांगा, बोट कधी?"

सोसाइआने डोळे उघडले, पण वर बघितलं नाही. "मावशी, तुमच्या त्या पाच ओळी पाठवा."

"पाठवते. पण डॉक्टर आता पुढच्या वर्षी येणार, साहेब. तोवर माझ्या बहिणीनं डोळे मिटूनच बसायचं."