नकोबांनी परत पाठवलेलं गिऱ्हाईक

त्या रस्त्यावर घरांच्या खरेदी-विक्रीची दोन दुकानं होती, अगदी समोरासमोर. एका दुकानात गिऱ्हाईक शिरलं की चहा यायचा. दुसऱ्यात शिरलं की प्रश्न यायचे. हे दुसरं दुकान नकोबांचं. नाव अर्थातच समोरच्या एजंटानं ठेवलेलं, आणि ते इतकं चपखल बसलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारी.

"माझ्याच्यानं नाही जमायचं, दुसरीकडे बघा," हे वाक्य नकोबा इतक्या मऊ आवाजात म्हणत की चार पावलं पुढे गेल्यावर त्या माणसाला कळे, आपल्याला चक्क घालवून दिलंय. चाळीस घरं बघून एकही न घेणारी हौशी जोडपी, एकच घर पाच एजंटांकडे देऊन ठेवणारी मंडळी, यांना तर ते दारातच ओळखत. पण त्यांचा खरा संशय असे तो गोड बोलणाऱ्यांवर.

"अहो, गोड बोलला हा काय गुन्हा झाला?" बायको विचारी.

"स्वतःचं घर विकणारा माणूस भाव करतो, कुरकुरतो, दोनदा विचार बदलतो. नुसता हो हो म्हणतो ना, त्याचं ते घर नसतं."

"आणि तुम्ही नुसतं नको नको म्हणता, म्हणजे हे दुकान तुमचं नाही वाटतं!"

यावर नकोबा चष्मा पुसायला घेत. बायको कपडे शिवून द्यायची, आणि घर बरंचसं त्या मशीनवर चालतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

या संशयाचं मूळ जुनं होतं. धंद्यात नवे असताना त्यांनी एका गोडबोल्या जोडप्याचं घर विकून दिलं. ताब्याच्या दिवशी नव्या मालकांना घेऊन आत गेले, तर मागच्या खोलीत विकणाऱ्याचे वृद्ध वडील पलंगावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. "कोण आलंय?" त्यांनी विचारलं. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. कागद मात्र सगळे चोख होते. तेव्हापासून नकोबा आधी घर बघत, मग कागद. आणि घर बघायला गेले की तहान नसली तरी पेलाभर पाणी मागत. घरातला माणूस पेला न बघता काढतो, बाहेरच्याला तो शोधावा लागतो.

एका मंगळवारी त्यांच्या दुकानात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. आत्याचं घर विकायचं होतं. नकोबांनी किंमत सांगितली. गृहस्थ म्हणाले, "चालेल." नकोबांनी मुद्दाम ती थोडी खाली आणली. गृहस्थ म्हणाले, "तेही चालेल."

"आत्याबाई कुठे असतात?"

"माझ्याकडे. सहा महिने झाले. तिला आता काही आठवत नाही हो. कधी कधी मलाही ओळखत नाही. घर तेव्हापासून बंदच आहे. मुखत्यारपत्र माझ्या नावानं आहे, सगळं मीच बघतो." फाइल पुढे सरकली. "फक्त घर दाखवायचं ते बुधवारी. अकरा ते बारा."

"बंद घराला वेळ कसली?"

"मला तेवढीच सवड असते."

दुसऱ्या दिवशी नकोबा तीन जिने चढून गेले. भाच्यानं दोन चाव्या लावून पाहिल्या, तिसरी लागली. "थांबा, दिवा लावतो," म्हणत तो आधी एकटाच आत गेला. सहा महिने बंद असलेल्या घराला कोंदट वास हवा होता. इथे साबणाचा येत होता. नकोबांनी पाणी मागितलं. भाच्यानं एक कपाट उघडलं, दुसरं उघडलं, तिसऱ्यात पेला सापडला. तोवर नकोबा सोफ्यावर टेकले. पाठीमागच्या उशीखाली काहीतरी चुरगळलं. आजचं वर्तमानपत्र होतं. शब्दकोडं अर्ध्यावर सोडवलेलं, बारीक, सरळ अक्षरात. एके ठिकाणी चूक खोडून दुरुस्तही केलेली.

नकोबांच्या मनात शंकेची पाल नुसती चुकचुकली नाही, ठाण मांडून बसली.

"माझ्याच्यानं नाही जमायचं," ते म्हणाले.

"का हो?"

"गुडघे. तीन जिने आहेत."

भाचा हसला. "हरकत नाही, समोरच्यांना देतो. महिन्याभरात ताबा देऊ म्हणाले ते."

एरवी नकोबांचं काम इथे संपत असे. नको म्हणायचं, कारण सांगायचं नाही, आपले हात स्वच्छ. पण आज जिना उतरताना त्यांना पहिल्यांदाच वाटलं की आपल्या नकारानं कुणाचंच घर वाचत नाही. नुसता एजंट बदलतो. महिन्याभरानं ही कोडं सोडवणारी बाई दारात उभी राहील आणि आत दुसरंच कुणी असेल.

भाच्याची गाडी गेली तसे ते परत आत आले आणि खालच्या पायरीवर बसले. सव्वाबाराला एक उंच, सडसडीत बाई काठी टेकत आल्या. खांद्यावर पिशवी, पिशवीत टॉवेल.

"वाट सोडा."

"तिसऱ्या मजल्यावर आपणच राहता का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मी घरांचा एजंट आहे. तुमचं घर विकायला काढलंय. भाच्यानं."

बाईंनी काठी दोघांच्या मध्ये आडवी धरली. "माझा भाचा दर बुधवारी मला गुडघ्यांच्या व्यायामाला पाठवतो. पैसे स्वतः भरतो. आणि तुम्ही कोण? एजंट म्हणजे घर गिळायला तुम्हीच आलात!"

"तुमच्या आजच्या कोड्यात आडवं नऊ अडलंय," नकोबा म्हणाले.

काठी खाली आली नाही, पण हलली. "माझं कोडं कुठे पाहिलंत?"

"सोफ्यावर. उशीखाली."

"मी उशीखाली नव्हतं ठेवलं. टेबलावर ठेवलं होतं."

काठी खाली आली. मग बाई कठड्याला धरून सावकाश पायरीवर टेकल्या. "बँकेच्या कामाला म्हणून सही घेतली होती त्यानं. मी वाचलंही नाही. घरच्या माणसानं आणलेला कागद कुणी वाचतं का?"

"तो रद्द करता येतो. वकील गाठा. पण तुमचा तुम्ही शोधा, मी नाव सुचवणार नाही."

"का?"

"सुचवलं तर तुम्हाला वाटेल आम्ही सामील आहोत."

"ते तर आत्ताही वाटतंय. यात तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही."

"मग तर जास्तच वाटतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच फोन करून कुलूपवाला बोलावला, आणि नवं कुलूप बसेपर्यंत नकोबांना एक मजला खाली उभं केलं. "आता जा," वरून आवाज आला. आभार वगैरे काही नाही.

तीन आठवड्यांनी बाई पत्ता विचारत दुकानात आल्या. मुखत्यारपत्र रद्द झालं होतं. भाचा येऊन रडून गेला होता. तुझ्या भल्यासाठीच करत होतो म्हणाला. "मीही रडले," बाई म्हणाल्या, "पण नवी चावी नाही दिली." मग त्यांनी पिशवीतून फाइल काढली. "तीन जिने आता खरंच होत नाहीत. तळमजल्यावरचं काहीतरी लहानसं बघा, आणि हे विका. तुम्हीच विका."

इतकं सरळ काम नकोबांच्या दुकानात वर्षभर आलं नव्हतं. बायकोला सांगायचं वाक्यसुद्धा त्यांच्या मनात तयार झालं. त्यांनी फाइलवर हात ठेवला, आणि ती परत सरकवली.

"माझ्याच्यानं नाही जमायचं."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"आज मी हे घर विकलं, तर त्या दिवशी मी तुमच्या जिन्यात कशासाठी बसलो होतो, याचं उत्तर बदलतं. भाचा म्हणेल, गिऱ्हाईक पळवलं. आणि एखाद्या दिवशी तुम्हालाही तेच वाटेल."

बाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "वाटेल," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, फाइल उचलली आणि काठी आपटत रस्ता ओलांडून गेल्या.

नकोबा काचेतून बघत राहिले. समोरच्यानं उठून खुर्ची दिली. हसला. फाइल न उघडताच बाजूला ठेवली आणि खणातून एक छापील कागद काढला. कागदावर खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. पेनाचं टोपणही त्यानंच काढून दिलं.

नकोबांनी चष्मा घेतला, दुकान तसंच उघडं टाकलं आणि रस्ता ओलांडला.

"या या, नकोबा!" समोरचा म्हणाला. "नको म्हणून झालं, आता गिऱ्हाईक परत न्यायला आलात?"

"नाही. तो कागद वाचायला आलोय."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.