शेंदराखालची हत्ताजोडी

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि माझ्या देवघरात कित्येक वर्षं मी वाळवलेल्या घोरपडीच्या जननेंद्रियाची पूजा केली. हे वाक्य आता मला सरळ लिहिता येतं, कारण कोर्टात ते माझ्यापेक्षा सभ्य शब्दांत आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं गेलंय. चारचौघांत ऐकून झालं म्हणून लाज कमी होत नाही. फक्त लपवायचं काम संपतं.

हत्ताजोडी म्हणजे बोटभर लांबीची, वाळलेली, दोन हात जोडल्यासारखी दिसणारी वस्तू. कुठल्याशा डोंगरातल्या झाडाचं मूळ आहे असं सांगून ती विकतात. डबीत शेंदूर घालायचा, लवंग-वेलची ठेवायची, वर ही ठेवायची, की घरात बरकत येते म्हणे. आमच्याकडं ती वैजापूरच्या चुलत दिरांनी आणली. त्यांचा कांद्याचा व्यापार. एक त्यांनी स्वतःच्या गल्ल्यात ठेवली आणि एक आम्हाला दिली, कारण यांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, प्रमोशन सारखं हुकत होतं. पुढं प्रमोशन झालं. ते हत्ताजोडीमुळं की वरचे साहेब बदलल्यामुळं, हे घरात कुणी विचारलं नाही. वर्गात मुलांना ‘पुरावा काय?’ म्हणून भंडावून सोडणाऱ्या मीही नाही.

सासर एके काळचं भिक्षुकांचं. आता कुणी पौरोहित्य करत नाही, पण गारखेड्यातल्या आमच्या रो-हाऊसमध्ये पौरोहित्याचे नियम तेवढे राहायला आले. शेंदूर कधी धुवायचा नाही, हा त्यातला एक. तेलात कालवून वरचेवर लावत राहायचं. पुट चढत चढत त्या डबीतल्या वस्तूचा नुसता केशरी गोळा झाला होता. आत काय आहे हे बघायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण देवाची वस्तू निरखायची नसते, तिला हात जोडायचे असतात.

दुसरा नियम माझ्यापुरता होता. महिन्याचे चार दिवस मी देवघराकडं फिरकायचं नाही. मागच्या खोलीत चटई, वेगळा तांब्या, वेगळं ताट. त्या दिवसांत पूजा हे करायचे. गंमत अशी की मी कॉलेजला जात होते. सकाळी फळ्यावर मासिक चक्राची आकृती काढून ‘यात अपवित्र काही नसतं, ही शरीराची साधी क्रिया आहे’ असं शिकवायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन मुकाट चटईवर बसायचं. स्टाफरूममध्ये विषय निघाला की मी म्हणायचे, ‘आमच्याकडं नाही बाई असलं काही पाळत.’ हे इतक्या वेळा म्हणून झालं होतं की कधी कधी मलाच खरं वाटायचं.

एका दुपारी वन खात्याचे लोक आले. वैजापुरात हत्ताजोडी विकणारा सापडला होता. त्याच्याकडून ते आमच्या दिरांपर्यंत आणि दिरांकडून आमच्यापर्यंत पोचले. सोबत पंच म्हणून गल्लीतले दोघं होते. अधिकारी भला माणूस. चपला बाहेर काढून आत आला आणि विचारलं, ‘घरात हत्ताजोडी आहे का?’

हे सोफ्यावर बसले होते. बसल्या जागेवरून म्हणाले, “देवाधर्माचं सगळं ही बघते. मला त्यातलं काही माहीत नाही.”

आदल्याच आठवड्यात त्या डबीला यांनी स्वतःच्या हातानं शेंदूर लावला होता. मी यांच्याकडं पाहिलं. हे टीपॉयवरच्या वर्तमानपत्राकडं बघत होते. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला या माणसाची लाज वाटली, आणि मग पंचांपुढं माझा चेहरा उतरलेला दिसू नये म्हणून मी लगबगीनं डबी आणून दिली.

अधिकाऱ्यानं कापसाला तेल लावून शेंदूर पुसायला सुरुवात केली. थराखाली थर निघत गेले. शेवटी ती वस्तू उघडी पडली, तशी त्यानं ती तळहातावर धरून मला विचारलं, “म्याडम, हे काय आहे?”

आता इथं गप्प बसायचं असतं, हे कुणालाही कळेल. पण जन्मभर तोंडी परीक्षा घेतल्या आणि दिल्या आहेत. समोर नमुना धरून कुणी ‘हे काय’ म्हटलं की माझं तोंड आपोआप उघडतं. मुळाला तंतू असतात, याला कातडी होती. बघताक्षणी कळलं. मी म्हणाले, “हे मूळ नाही. घोरपडीचं जननेंद्रिय आहे. नराचं.”

पंचांपैकी एकानं खाली मान घातली. अधिकाऱ्यानं पेन उघडलं, आणि त्यानं माझं वाक्य शब्दशः पंचनाम्यात उतरवलं.

“तुम्ही कशाला बोलल्या, म्याडम?” आमचे वकील पहिल्या भेटीत कपाळाला हात लावून म्हणाले. देवगाव रंगारीकडचे, शेतकरी घरातले, वयस्कर गृहस्थ. “लई हुशार माणसाचं हेच अवघड असतंय. पोलिसापुढं बोलल्या असत्या तर कबुली म्हणून ते कोर्टात चाललं नसतं. पण वन खात्याचा साहेब म्हणजे पोलीस नव्हं. त्याच्यापुढचं बोलणं चालतंय.”

मी म्हणाले, मला तर त्याच क्षणी कळलं, आधी माहीत नव्हतं.

“व्हय, पण ते दिसतंय कुठं? आता मी सांगतो नीट ऐका. ताबा म्हणजे नुसती वस्तू जवळ असणं नाय. सिटी बसमध्ये तुमच्या पिशवीत कुणी काही टाकलं, तर पिशवी तुमची, वस्तू तुमच्याजवळ, पण कोर्ट त्याला ताबा म्हणत नाय. तुम्हाला माहीत पाहिजे आणि तुमच्या मर्जीनं ती तिथं पाहिजे. दोन्ही. माणसाच्या मनातलं तर कुणाला दिसत नाय. मग कोर्ट बाहेरच्या खुणा बघतं. वस्तू कुठं होती, किल्ली कुणाकडं, हात कुणाचा लागत होता, लपवली का उघड्यावर ठेवली, सापडल्यावर माणूस काय बोललं. आणि हा वन्यप्राण्यांचा कायदा तर असा कडक, की वस्तू सापडली की ती बेकायदाच धरतात. नाय म्हणून आपण दाखवायचं.”

माझ्या बाबतीत सगळ्या खुणा माझ्याकडंच बोट दाखवत होत्या. देवघर माझं, हात माझा, पदवी प्राणिशास्त्राची आणि वर ते वाक्य. शिक्षा झाली असती तर तुरुंग होता आणि नोकरी तर जाणारच होती. प्राचार्यांनी ‘निकालापर्यंत बघू’ एवढंच म्हटलं होतं. वर्गात मी सरपटणारे प्राणी हे प्रकरण दुसऱ्या मॅडमना देऊन टाकलं, तरी मुलं मागच्या बाकांवर हात जोडून एकमेकांना दाखवायची.

वकिलांनी बचाव दोन गोष्टींवर उभा केला. एक, शेंदराखाली काय आहे हे दिसण्यासारखं नव्हतं. दुसरी, देवघर एकट्या माझ्या ताब्यात नव्हतं. “घरातल्या दुसऱ्या माणसाचाही हात लागत होता, एवढं आलं पाहिजे. मग सगळं एकट्या तुमच्या अंगावर येत नाय. तुमच्या साहेबांना साक्षीला आणू. ते चार दिवस पूजा करतात एवढंच बोलायचं. त्यांनाही माहीत नव्हतं, त्यांच्यावर काही बालंट येऊ देत नाय मी.”

हे हो म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घालून साक्षीला उभे राहिले. वकिलांनी विचारलं, “महिन्यातल्या काही दिवसांत देवघरातली पूजा तुम्ही करता, बरोबर?”

यांनी खाकरून घेतलं. “नाही,” म्हणाले. “पूजा बाराही महिने हीच करते. आमच्याकडं ते चार दिवस वगैरे पाळत नाहीत. आम्ही सुधारलेले लोक आहोत.”

मागच्या बाकावरच्या कुणीतरी कौतुकानं मान डोलावली. वकिलांच्या हातातला कागद तसाच राहिला. आणि मी, जिला ते वाक्य तोंडपाठ होतं, जिनं ते स्टाफरूममध्ये शेकडो वेळा फेकलं होतं, ती आरोपीच्या जागी उभी राहून ऐकत होते. माझंच खोटं माझ्यावर उलटत होतं. यांना दोष तरी कुठल्या तोंडानं द्यायचा?

बाहेर व्हरांड्यात वकील बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मुलीच्या वयाच्या बाईशी हे कसं बोलावं, ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी म्हणाले, “आरोपीनं स्वतः साक्ष द्यायची का नाय, हे त्याच्या मर्जीवर असतं. बळजबरी नाय. पण आता तुम्हीच बोलल्याशिवाय इलाज नाय, बाई.”

पहिल्यांदाच ते मला म्याडम न म्हणता बाई म्हणाले.

मी साक्षीला उभी राहिले. चार दिवस मी कुठं बसते, ताट वेगळं असतं, तांब्या वेगळा असतो, आणि त्या दिवसांत डबीला शेंदूर हे लावतात, सगळं सांगितलं. आवाज फळ्यापाशी असतो तसा निघाला नाही. टंकलेखक ‘मोठ्यानं बोला’ म्हणाला, तेव्हा ‘चटईवर’ हा शब्द मला पुन्हा, मोठ्यानं म्हणावा लागला.

मग सरकारी वकील उठले.

“तुमचे पती खोटं बोलले?”

“हो.”

“बारावीला मासिक पाळी कोण शिकवतं?”

“मीच.”

“त्यात अपवित्र काही नसतं, असं शिकवता?”

“हो.”

“आणि घरी जाऊन चटईवर बसता. म्हणजे विज्ञान माहीत असून तुम्ही मुद्दाम दुसरं वागता. मग घोरपडही माहीत असून मुद्दाम ठेवली असेल, असं कोर्टानं का मानू नये?”

 मी न्यायाधीशांकडं पाहिलं. न्यायाधीश बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, खाली बघून काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, संपलं. त्याहून वाईट म्हणजे, सरकारी वकिलांचं म्हणणं मला पटलं होतं.

निकालाच्या दिवशी मी निर्दोष सुटले. संशयाचा फायदा. न्यायाधीश बाईंनी कारणं सावकाश वाचली. डबी उघड देवघरात होती, लपवलेली नव्हती. घरात दोघांचा हात तिला लागत होता. पतीची साक्ष विश्वासार्ह नाही, कारण कुणीही बाई स्वतःची एवढी शोभा खोटं बोलून करून घेणार नाही. आणि पंचनाम्यातलं ते वाक्य वस्तू पुसल्यानंतरचं आहे. त्यावरून तिला तेव्हा कळलं एवढंच ठरतं, आधी माहीत होतं हे नाही.

इथपर्यंत मी सुटकेचा निःश्वास सोडत होते. मग त्यांनी शेवटचं कारण वाचलं. सरकारी वकिलांनी आरोपीच्या शिक्षणावर भर दिला आहे. परंतु आरोपी जे शिकवते ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या शरीराच्या बाबतीतही वापरत नाही, हे तिच्याच साक्षीवरून दिसतं. जी व्यक्ती आपलं ज्ञान उंबऱ्याच्या आत आणत नाही, तिनं रोज समोर असलेल्या वस्तूकडं कधी डोळसपणे पाहिलंच नसेल, हे मानायला जागा आहे. म्हणून जाणीव सिद्ध होत नाही.

वकिलांनी माझ्याकडं बघून हसून मान हलवली. जिंकलो, असा अर्थ होता. मी हात जोडले. हात जोडताना ती वस्तूच आठवली आणि मी ते सोडले.

घरी पेढे आले. यांनीच आणले. देवापुढं ठेवले, मला दिले, शेजारी वाटले. ‘साक्षीचं मनावर घेऊ नको, चारचौघांत असलं बोलायचं असतं का,’ एवढंच म्हणाले. मी पेढा खाल्ला. भांडण मला करता आलं नाही, कारण मी सुटले होते ती बिनडोक ठरून, आणि ते बिनडोकपण काही यांनी एकट्यानं माझ्यावर लादलं नव्हतं. चटई मीच अंथरायचे.

त्याच महिन्यात पाळी आली. कॉलेजातून घरी आले तर मागच्या खोलीत चटई अंथरलेली होती, तांब्या भरून ठेवलेला. यांनी कॅलेंडर बघून व्यवस्था केली असावी. त्यांच्या परीनं ती माफी असेल, कुणास ठाऊक.

मी चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. हात-पाय धुतले आणि देवघरापुढं जाऊन बसले. परात घेतली, गरम पाणी घेतलं, आणि देवघरातला एकेक देव, एकेक टाक, एकेक सुपारी पुसायला काढली. मारुतीच्या अंगावरचा शेंदूर निघता निघेना. नखांत केशरी कड साचत गेली.  एवढं शिकून, एवढं शिकवून, कोर्टातून सुटून आल्यावर मला माझ्याच देवघरात भीती वाटत होती. तरी प्रत्येक वस्तू उजेडाकडं धरून नीट बघितली. सगळं पितळ होतं, दगड होता, सुपाऱ्या होत्या. डबीच्या जागी लाकडावर नुसता गोल केशरी डाग.

हे दारात येऊन उभे राहिले. गुंडाळलेली चटई पाहिली, परात पाहिली. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. मागं वळून खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “निदान बाहेर कुणाला सांगू नकोस.”

“कोर्टात सांगून झालंय,” मी म्हणाले, आणि मारुती पुन्हा पाण्यात घातला.