कांद्याच्या चाळीतलं शेवटचं कडवं

कुठे नवं गोणपाट उलगडलं की त्या वासासरशी मला ओतूरजवळची आमची कांदा साठवायची जाळीची चाळ आठवते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही चार मित्र तिथे गिटार आणि ढोलकी घेऊन गाणी बसवायचो आणि आवाज घुमू नये म्हणून जाळीला गोणपाटं टांगायचो. आमच्या पहिल्या कॅसेटची गाणी मी लिहिली होती, फक्त धरणात बुडालेल्या आमच्या गावाचं गाणं अडलं होतं. गाव सुटलं तेव्हा मी तान्हा होतो आणि वडील गावाचा विषयच काढू देत नसत. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी ते कांदा बघायला आले आणि ऐकत उभे राहिले. “लई रडतंय रं तुमचं गाणं,” ते म्हणाले. “गाव काय नुसतं बुडायलाच व्हतं व्हय?” मग कुणी न विचारताच सांगू लागले, “नदीवरनं वर आलं की पयलं घर भांडखोर म्हातारीचं. तिच्या म्होरं पेटीवाला. सूर न्हाई, पण वाजवायचा रोज!” आणि स्वतःच हसले. ढोलकीवाल्याने हलकेच ठेका धरला. त्या ठेक्यावर एकेक घर सांगत वडील आमच्या दारापर्यंत आले आणि थांबले. “आन् हितं तू जलमलास,” ते कसेबसे म्हणाले. ती सगळी घरं गाण्यात आली आणि तेच शब्द आमचं शेवटचं कडवं झाले. पुढे गावची माणसं लग्नात ती कॅसेट लावायची आणि आपलं घर आलं की ओरडायची. ते गाव पाहिल्याचं मला आठवत नाही, पण डोळे मिटले की मला आमचं अंगण दिसतं, ते वडिलांनी त्या दुपारी दाखवलं म्हणून.