झाकण उघडं राहिलेली बाटली

रेखाताई गेल्याचं तिच्या धाकट्या भावानं, दौलतनं, फोनवर सांगितलं आणि लगेच म्हणाला, "तुम्ही तिच्या हाताखाली होते ना साहेब, सभेत दोन शब्द बोला." मी गेलो, बोललो नाही. नाशिक रोडला ती शिकवायची त्या कॉलेजात सभा होती. आमच्या जुन्या संशोधन केंद्रातले निवृत्त अधिकारी म्हणाले, "एक चूक झाली त्यांच्या हातून, पण बाई फार साध्या." बाहेर दौलतनं गाठलं. "आक्काचं काय चुकलं होतं ओ? आमच्यासोबत टोमॅटो तोडायला यायची, सगळं बोलायची, पण तेवढं नाय."

काही चुकलं नव्हतं, दौलत. ऐक.

ताई पाण्याचा अभ्यास करायची. अणुभट्टीतून निघणारा न्यूट्रॉनचा झोत पाण्यावर सोडायचा, ते कसे विखुरतात यावरून पाण्याचे रेणू कसे हलतात ते ओळखायचं. "रोज पितोस, जरा ओळख तरी करून घे," म्हणायची. यंत्रावर चार दिवस मिळायला वर्ष जायचं. त्यासाठी जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजनचं पाणी लागे, आणि ते उघडं राहिलं की हवेतली साध्या पाण्याची वाफ मिसळून बिघडतं. एका पावसाळी शनिवारी मी बाटलीचं झाकण न लावताच घरी गेलो. सोमवारी गुपचूप लावलं. त्याच पाण्यावर तिनं मोजमापं घेतली, छापली. इतर कुणालाच ते आकडे मिळेनात. चौकशी समितीनं मला विचारलं, "बाटली बंद होती?" मी म्हणालो, "होती, सर."

ताईला पुन्हा झोत मिळाला नाही. पाण्याचा रेणू ओळखणारी बाई वीस वर्षं पोरांना लंबकाचे झोके मोजायला शिकवत राहिली, आणि मी बढत्या घेतल्या.

गेल्या वर्षी तिच्या इंदिरानगरच्या घरी जाऊन तिच्याजवळ कबूल केलं. ती मटार सोलत होती. "तेव्हाच कळलं होतं मला. तुझं नाव घेतलं असतं तर म्हणाले असते, ज्युनिअरवर ढकलतेय. मला काय सांगतोस? समितीला सांग." हो म्हणालो. सांगितलं नाही...

परवा तू तिच्या टेबलावरचा समितीचा अहवाल मला दिलास. कुठलाही कागद हाती आला की त्यातल्या चुका पेन्सिलनं सुधारायची तिची सवय. जड पाणी शून्य अंशाला गोठतं, असं त्या विद्वानांनी लिहिलंय. एवढंही ठाऊक नसलेल्यांनी तिचा निकाल लावला. तिनं शून्य खोडून नीट ३.८ केलंय. त्याच्याच खालच्या ओळीत तिच्या नावापुढे 'निष्काळजी' आहे. त्याला तिनं पेन्सिल लावलेली नाही. तो शब्द मी खोडायचा होता.