पाटावरच्या चार डिस्का

मखमलाबादच्या कालव्यापल्याड समाधानचा मळा. बापाच्या माघारी गुलाब आन् झेंडू हाताशी आला, पण त्याचा जीव काय फुलांत रमला नाय. खुरपं आईच्या हवाली करून त्यानं कॅमेरा धरला आन् लोकांची लग्नं टिपायला लागला. त्याची आई अंबूबाई बायांत सांगायची, "सोताच्या लग्नात बी ह्यो बोहल्यावरून शूटिंगवाल्याला हात करीत व्हता, जरा हिकडं सरक म्हणून. नवरी बिचारी हार घेऊन उभी."

धंद्यात शिरला तरी माळ्याची सवय सुटली नाय. वाफा मोकळा झाला का त्यात दुसरं पीक, तसं एका लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरमधी उतरवली का तीच कॅसेट दुसऱ्या लग्नाला. म्हंजे लग्न राहायचं ते नुसतं कॉम्प्युटरच्या डिस्कवर. दोन हजार दोन साली ती डिस्क उडाली. आडगावच्या एका घरचं अख्खं लग्न गेलं. नवरीच्या चुलत्यानं भर चौकात त्याच्या गचांडीला हात घातला.

मंग त्यानं मनावर घेतलं. मासिकं वाचली, एमजी रोडच्या दुकानदाराचं डोकं खाल्लं, आन् घरच्या घरी चार डिस्कांचा संच बसवला. चौघींवर मुकादम म्हणून एक कार्ड. लग्न आत आलं का कार्ड त्याचे तुकडे करून तिघींवर टाकणार आन् चवथीवर त्या तुकड्यांचा ताळा लिहिणार. ताळ्याची पाळी फिरती. चौघींतली एक मेली तरी बाकीच्या तिघींवरून तिचं सगळं परत भरून निघणार. समाधाननं आईसमोर चालू कॉम्प्युटर बंद केला, एक डिस्क उपसून हातात घेतली आन् परत चालू केला. पडद्यावर लग्न जसंच्या तसं चाललेलं.

अंबूबाई म्हणाली, "मंग ही चवथी फुकट खाती व्हय?"

"फुकट नाय गं. कुणी मेलं तर हाय ती."

"मरणाची तयारी करून ठिवली म्हण की."

त्या दिवसापासून समाधान निर्धास्त झाला. येईल त्याला सांगायचा, माझ्याकडचं आता काय जायचं नाय.

दोन हजार चारच्या वैशाखात त्यानं म्हसरूळच्या चिमाजीनानाच्या पोरीचं लग्न टिपलं. शुभांगी तिचं नाव. सासर सिन्नरच्या अंगाला, सासरा बारकूआबा. पंगतीत नवरदेवानं रुसायचं ही जुनी रीत. ताटावर हात धरायचा, नवरीच्या बापानं अंगठी नाय तर घड्याळ दिलं का हसायचं आन् घास घ्यायचा. समोर कॅमेरा लागतोच, कारण हसण्याचा प्रसंग असतो. ह्यो नवरदेव हसला नाय. अंगठी त्यानं घेतली, पण हात ताटावरच. बारकूआबा शेजारून म्हणाला, "अंगठीवर बसून पोरगा कामाला जायचा का? मोटारसायकल दारात दिसंल तव्हा घास. नाय तर पोरगी घेऊन जा घरी. आमचं काय अडलं नाय."

चिमाजीनं टोपी काढून त्याच्या पायावर ठेवली. बारकूआबानं पाय मागं घेतला. समाधानचा कॅमेरा चालूच व्हता. आवाज, चेहरा, टोपी, सगळं आत गेलं. चिमाजीनं कुठून कशी, दिवस मावळायच्या आत गाडी आणली.

सीडी करायच्या वेळी चिमाजी घरी आला. म्हणाला, "तेवढं काढून टाक बाबा. पोरीला जन्मभर बघायचंय ते."

समाधाननं काढलं. जिथं कापलं तिथं उडी दिसू नये म्हणून गुलाब टाकले. पडद्याच्या मधी एक गुलाब उमलतो, त्याच्यातून धा निघतात, पडदा भरतो, आन् फुलं हटली का नवरदेव घास घेतोय. लोकांना ते गुलाब लय आवडले. कॅसेटवर पुढचं लग्न चढलं, मूळ चित्र मातर चौघी डिस्कांवर तसंच ऱ्हायलं. एका मोसमाचं काम दुसऱ्या मोसमापर्यंत पुसायचं नाय, असा त्याचा नेम.

भादव्यात शुभांगी सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, सासरचे म्हणाले. राखीला आली तव्हा तिच्या दंडावर वळ व्हते, ते आईनं बघितलेले. तक्रार झाली. बारकूआबानं सांगितलं, आम्ही कधी सुतळीचा तोडा मागितला नाय, गाडी त्यांनी हौसंनं दिली. चिमाजीचा वकील म्हणाला, मागितली याला पुरावा काय? तव्हा चिमाजीला कॅमेरा आठवला.

तो आला तो दिवस खंडेनवमीचा. दारात झेंडूचा ढीग, अंबूबाई क्रेट भरत बसलेली, समाधान टेंपोची वाट बघत.

"बस नाना. पाणी घे."

"पाणी नगं. ते पंगतीचं हाय का रे तुझ्याकडं? आपून सीडीतून काढलं ते?"

"हाय ना."

"मंग दे. वकिलाला पायजे."

समाधाननं आईकडं बघितलं. अंबूबाई क्रेटमधून मान वर न करता म्हणाली, "आज हत्यारं धुऊन ठिवलीत. उद्या पूजा झाल्याबिगर कुणी कायला हात लावायचा नाय. मी पंपाचं बटन बी दाबलं नाय."

"नाना, परवा सकाळी या. तयार ठिवतो."

"हाय ना पण ते? नक्की?"

"नाना, एक डिस्क मेली तरी जायचं नाय ते."

चिमाजी उठला. ढिगातला एक झेंडू पायाशी आला व्हता, तो त्यानं उचलून परत ढिगावर ठेवला आन् गेला.

दसऱ्याला अंबूबाईनं पाट मांडला. विळा, खुरपी, कुदळ, पंपाचा पाना, कॅमेरा. कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकू लावायला गेली आन् थांबली. "डब्याला काय लावायचं? डबा काय काम करतो? त्या चौघी काढ भायेर."

समाधानला ते पटलं. खरं तर आवडलंच. शेजारच्या बाया आल्या व्हत्या, त्यांना बी दाखवता येणार व्हतं. त्यानं डबा उघडला, चौघी काढल्या, पाटावर वळीनं मांडल्या. एका कंपनीच्या, एका मापाच्या, एका रंगाच्या. अंबूबाईनं चौघींना हळदकुंकू लावलं, वर झेंडूच्या पाकळ्या. आरती झाली. नैवेद्याचं ताट ठेवायला जागा हवी म्हणून तिनं डिस्का उचलून एका बाजूला रचल्या.

तिसऱ्या पारी समाधाननं चौघी पुसल्या आन् परत बसवल्या. कुठली कुठल्या वायरीला व्हती हे त्यानं बघितलं नव्हतं. बघायचं असतं हे बी त्याला माहीत नव्हतं. एक उपसली तरी चालतं, एवढंच त्यानं डोळ्यांनी बघितलेलं.

कॉम्प्युटर चालू केला. कार्डानं काळ्या पडद्यावर इंग्रजीत सांगितलं, संच मोडलाय. खाली विचारलं, नवीन संच तयार करू का, डिस्कांवरचं पुसलं जाईल. समाधानला हीच पाटी आठवली. पहिल्यांदा बसवला तव्हा बी हेच विचारलं व्हतं, त्यानं हो म्हटलं व्हतं, आन् सगळं नीट झालं व्हतं. त्याला वाटलं, सांधा निखळलाय, सांधून मागतोय. त्यानं हो म्हटलं. एक पट्टी हळूहळू भरत गेली. तो शेजारी बसून श्रीखंड खात व्हता.

पट्टी भरली. आत काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो डबा घेऊन दुकानदाराच्या घरी. दुकानदारानं डबा उघडला, बोट आत फिरवलं, बोटाला लाल लागलं.

"हे काय?"

"कुंकू."

"काढल्या होत्या? नंबर टाकला होता वर?"

"पूजेला काढल्या. नंबर नाय टाकला."

"नुसता क्रम चुकला असता ना, तर फिरवून फिरवून जमवलं असतं. तू वर नवीन संच केलास. चौघींना एकदमच कोरं केलंस बाबा."

घरी आला तर चिमाजी ओट्यावर बसलेला. मळक्या रुमालात एक कोरी सीडी बांधून आणली व्हती, समाधानला खर्च नको म्हणून. समाधाननं उभ्याउभ्याच सांगितलं. चिमाजीला डिस्कांचं काही कळलं नाय. त्यानं एकच विचारलं, "परवा मी आलो तव्हाच दिलं असतं तर?"

"वाचलं असतं, नाना."

अंबूबाई आत व्हती. ती भायेर आली नाय.

खटला तीन वर्षं चालला. समाधाननं साक्ष दिली. समोरच्या वकिलानं विचारलं, "मागितलेलं तुम्ही टिपलंत म्हणता. मग सीडीत का नाही?"

"नानांनी काढायला लावलं."

"आणि मूळ?"

"पुसलं गेलं."

"कुणी पुसलं?"

"मी."

कुणीतरी मागं हसलं. सगळे सुटले. कोर्टाच्या फाटकात बारकूआबानं समाधानच्या खांद्यावर हात टेकवला. "सीडी चांगली काढली व्हती हो तुम्ही. नको ते ठेवलं नाय." आन् पोराच्या मागं मोटारसायकलवर बसून गेला.

आठवड्यानं चिमाजी मळ्यात आला. लग्नाची सीडी घेऊन. म्हणाला, "घरी लावू देत नाय तिची आई. लाव."

समाधाननं लावली. हळद, अक्षता, पंगत. नवरदेवाचा हात ताटावर. मंग मधून गुलाब उमलला, त्यातून धा निघाले, पडदा भरला.

"थांबव."

समाधाननं थांबवलं. पडदाभर लाल गुलाब.

"ह्या फुलांमागं हाय ना ते?"

"व्हतं, नाना."

चिमाजी खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकला. लय वेळ बघत बसला. मंग म्हणाला, "मागं घे. परत लाव."

समाधाननं मागं घेतलं. गुलाब परत उमलला.