कडवट मिठाचं पाणी

सॉल्ट लेक सिटीतल्या त्या प्रयोगशाळेत आर्विला जेप्सनला पटणारी माणसं दोनच. त्यातला एक निवृत्त होऊन ॲरिझोनाला गेला होता आणि दुसरी ती स्वतः. बाकीच्यांना ती सरसकट ‘हातमोजेवाले’ म्हणायची. शहराजवळच्या खाऱ्या सरोवराच्या उत्तर टोकाला पाणी गुलाबी करणारे जे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव राहतात, त्यांच्यासाठी तळघरातल्या खोलीत मिठाचं पाणी करायचं, हे काम ती अठ्ठावीस वर्षं करत होती. तेवढ्या काळात तीन प्रमुख आणि चाळीसेक विद्यार्थी येऊन गेले. त्यातल्या एकालाही धड बाटली विसळता येत नव्हती, असं ती रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, कुणी विचारलं नाही तरी, सांगायची.

नवरा गेला तेव्हा शेजारणींनी रीतीप्रमाणे चीज घातलेल्या बटाट्यांचे चार ट्रे आणून दिले. चारही अळणी निघाले, हेही तिने त्या शेजारणींना सांगितलं होतं. सध्याचे प्रमुख डॉ. हॅलिडे यांच्याबद्दल तिचं म्हणणं थोडक्यात होतं: माणूस टाय छान बांधतो.

त्यातल्या त्यात आदर होता तो आर्कियांबद्दल. हे जीव भिंतबिंत बांधत बसत नाहीत. एकाच घडणीच्या प्रथिनाच्या विटा करतात, त्यांवर साखरेचे तुरे लावतात आणि बाहेर पाठवतात. प्रत्येक विटेला मागे एक शेपूट असतं. ते एक कात्री, म्हणजे कापणारं प्रथिन, छाटते आणि त्या जागी तेलकट पाय जोडते. तो पाय पेशीच्या पापुद्र्यात रुतला की वीट शेजारणींना चिकटून बसते, आणि अंगावर एकसारखं चिलखत तयार होतं. पण हे सगळं धरून ठेवायला पाण्यात मॅग्नेशियम लागतं. ते नसेल तर चिलखत सुटतं आणि चपटा जीव गोल होऊन बसतो. “प्रोटीन वगैरे तुम्ही करा,” आर्विला म्हणायची, “माझ्या पाण्याशिवाय तुमचा जीव उघडा पडेल.”

मॅग्नेशियम ती वजन करून घालत नसे. मीठ विरघळलं की शेवटी त्याचे खडे चमच्याने घालायची आणि बोटावर थेंब घेऊन चाखायची. मॅग्नेशियम कडू लागतं. कडवटपणा बरोबर जमला की तिचं तोंड आपोआप वाकडं व्हायचं, आणि ते वाकडं तोंड म्हणजे पाणी पास. प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही असा नियम दारावर चिकटवलेला होता. तो तिनेच चिकटवला होता, इतरांसाठी. घातलं-न घातलं याची वहीत खूण करणं तिच्या मते विसराळू लोकांचं काम.

फेब्रुवारीत तिला आठवडाभर ताप आला. तो उतरला तेव्हा चव गेलेली होती. सूप, कॉर्नब्रेड, खोकल्याचं औषध, सगळं सारखंच. तिने कुणाला सांगितलं नाही. हातमोजेवाल्यांना कशाला सांगायचं? अठ्ठावीस वर्षांचा हात आहे, चुकणार कसा?

लेसिएली तौफा तिच्या दृष्टीने हातमोजेवाल्यांतली सगळ्यात कंटाळवाणी मुलगी. वेस्ट व्हॅली उपनगरातली टोंगन, म्हणजे टोंगा बेटांवरून आलेल्या घरातली पोरगी, हळू बोलणारी, प्रत्येक बाटलीवर तारीख घालणारी. ती कात्री निकामी केली तर चिलखत कसं सैल बसतं, हे दाखवण्यात तिची तीन वर्षं गेली होती. मार्चमध्ये तिने शेवटचा प्रयोग लावला. कात्री नसलेले जीव एका बाजूला, धडधाकट दुसऱ्या बाजूला, सगळे आर्विलाच्या नव्या पाण्यात. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दोन्ही बाजूंचे जीव गोल. फरकच नाही. हॅलिडेंनी शुक्रवारच्या बैठकीत काय ते सांगायला बजावलं. समाधान झालं नाही तर विषय दुसऱ्याकडे जाणार होता.

बुधवारी लेसिएली दोन ग्लास घेऊन तळघरात आली.

“सिस्टर जेप्सन,” ती चर्चमधल्या रीतीने हाक मारत म्हणाली, “जरा त्रास देते. हे चाखून सांगाल? मशीनकडे द्यायचं तर दोन आठवडे लागतील.”

“मशीनला काय कळतंय,” आर्विला म्हणाली. तिने पहिल्या ग्लासात बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं. दुसऱ्यातलं चाखलं, पुन्हा वाकडं केलं. “दोन्ही उत्तम. पाण्यात दोष नाही गं, तुझ्या हातात आहे.”

लेसिएली “बरं” म्हणाली, दोन्ही ग्लास स्वतः विसळून पुसून ठेवले आणि गेली. ग्लास मात्र नीट पुसले होते, हे आर्विलाला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

शुक्रवारी ती धुतलेल्या बाटल्यांची गाडी घेऊन बैठकीच्या दारात मुद्दाम रेंगाळली.

“पाणी तपासलंस?” हॅलिडेंनी विचारलं.

“सिस्टर जेप्सननी चाखलंय.”

कुणीतरी हसलं.

“मग?”

“मग चूक माझीच असणार, सर.”

हॅलिडेंनी टाय सारखा केला आणि सोमवारपासून विषय दुसऱ्याकडे देतो म्हणाले. लेसिएली वही मिटून बाहेर आली. आर्विलाने तिला जिन्यापाशी गाठलं.

“माझं नाव कशाला मध्ये घेतलंस? तुमच्या भानगडीत मला ओढायचं नाही.”

“दुसऱ्या ग्लासात साधं नळाचं पाणी होतं,” लेसिएली म्हणाली.

आर्विलाने बैठकीच्या दाराकडे वळून पाहिलं.

“मग आत का नाही बोललीस, मूर्ख मुली? तीन वर्षं गेली तुझी.”

“चारचौघांत मोठ्या माणसाची लाज काढायला आमच्याकडे शिकवत नाहीत. आणि मला वाटलं, तुम्ही दारातच उभ्या आहात तर तुम्हीच सांगाल.”

ती जिना उतरून गेली. आर्विलाला संताप आला. त्या पोरीचा, तिला असं शिकवणाऱ्या घराचा, आणि मग बाकी कुणी उरलं नाही तेव्हा स्वतःचा. ते नवं पाणी केलं त्या दिवशी खडे घालायच्या वेळी फोन वाजला होता, ते आता तिला लख्ख आठवलं. परत आल्यावर तिने चाखलं होतं आणि बाटलीला झाकण लावलं होतं.

गाडी तिथेच सोडून ती हॅलिडेंच्या खोलीत गेली.

“काय आर्विला, दिवा गेला का कुठला?”

“त्या पाण्यात मॅग्नेशियम नव्हतं. मी घातलंच नाही. पोरीचा प्रयोग तिलाच परत लावू द्या, पाणी तिला स्वतः वजन करून करू द्या.” ती दाराची मूठ धरून उभी होती. “फेब्रुवारीपासून मला चवच येत नाही.”

हॅलिडेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पण तुम्ही तर रोज चाखत होतात. मग इतके दिवस काय करत होतात?”

“काही नाही,” आर्विला म्हणाली. “नुसतं तोंड वाकडं करत होते.”