घड्याळजीचं ऑर्किड

तीस वर्षं लोकांच्या जखमा धुऊन-बांधून घड्याळजीची बायको निवृत्त झाली, तेव्हा हॉस्पिटलच्या साहेबांनी दोन मिनिटं भाषण ठोकलं आणि गाडीत बसून चालते झाले. वॉर्डातल्या बायकांनी मात्र मिळून तिला जांभळ्या फुलांचं ऑर्किड दिलं. त्या कुंडीत तिचा जीव. फुलं गळली आणि ती मुलीची जुळी सांभाळायला दहा महिन्यांसाठी गेली. जाताना बजावलं, "अहो, एवढं जगवा. पुन्हा फुललेलं बघायचंय मला."

घड्याळजी शिस्तीचा पक्का. कुंडी दुकानातच आणून ठेवली. सकाळी ठोक्याला आठ वाजता, मोजून अर्धी वाटी पाणी. एक दिवस खाडा नाही. दोन महिन्यांत पानं लुळी पडली. तहान लागली असेल म्हणून पठ्ठ्याने पूर्ण वाटी सुरू केली.

शेजारच्या फूलवालीने कुंडी हुंगली आणि कडाडली, "काका, झाडाला घड्याळ कळतं होय? बुडवून मारलंत की!"

पण हातपाय गाळणारा गडी नव्हता तो. सगळ्यांनी भंगारात काढलेली घड्याळं चालती करण्यात उभा जन्म गेलेला. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि झाड टेबलावर मोकळं केलं. सडकी मुळं एकेक करून कापली, दर खेपेला कात्री स्पिरिटने पुसून. टणक अशी चारच उरली. पारदर्शक डब्याला भोकं पाडून, झाडाच्या सालीच्या तुकड्यांत ती बसवली आणि डबा सकाळच्या कोवळ्या उन्हाच्या खिडकीत ठेवला.

फूलवालीने दम भरला, "मुळं पांढुरकी पडली तरच पाणी. हिरवी असली तर हात मागे!"

ते हात मागे घेणं त्याला फार जड गेलं. आठ वाजले की बोटं शिवशिवायची. बायको फोनवर विचारायची, "कसं आहे हो?" तो म्हणायचा, "आहे." आणि लगेच जुळ्यांची चौकशी करायचा.

चौथ्या महिन्यात नवं मूळ आलं, मग पान. आठव्यात पानाच्या बगलेतून हिरवं टोक वर निघालं. फूलवाली ओरडली, "काका, फुलांचा दांडा!" भल्या माणसाने खुर्ची ओढली आणि भिंग लावून डब्यासमोर बसला.

बायको परतली, ती थेट दुकानात. दांड्यावर सहा कळ्या. तिची नजर डब्यावर गेली.

"माझी कुंडी कुठंय?"

थाप पचली असती. पण तो म्हणाला, "अगं, मारलंच होतं मी. पाणी घालून घालून."

ती डब्याच्या आरपार मुळं कापल्याच्या जागा न्याहाळत राहिली. "जखम स्वच्छ केलीत," म्हणाली, आणि डबा उचलायला वाकली.

"हलवू नकोस! जागा बदलली तर कळ्या गळतील."

"मग मी हलत नाही."

लग्नानंतर पहिल्यांदाच ती दुकानात ठाण मांडून बसली. गिऱ्हाईक आलं की स्टूल तेवढं सरकवायची. पाचव्या दिवशी पहिली कळी उघडली, तेव्हा तिने नवऱ्याच्या डोळ्यावरचं भिंग काढून घेतलं आणि स्वतःच्या डोळ्याला लावलं.